बनी तो बनी, नहीं तो परभणी... आणि १४ बाइट

मंडळी, "बनी तो बनी, नहीं तो परभणी" ही म्हण तुम्ही कधी ना कधी ऐकली असेलच. आज या परभणीचीच फूटपट्टी करू या आणि सी भाषेतली एक जुनी गोष्ट मोजू या. फोल्डरच्या पोटात काय काय आहे, हे प्रोग्रामनं वाचायचं कसं?

आज उत्तर सोपं आहे. ओपनडिरनं डिरेक्टरी उघडायची, रीडडिरला पुन्हा पुन्हा हाक मारायची, दर हाकेला एक नोंद मिळते. नोंदी संपल्या की रीडडिर रिकामा पॉइंटर देतं, मग क्लोजडिर. झालं काम! (नोंदी अकारविल्हे येतील अशी आशा मात्र ठेवू नका. क्रम लावणं हे आपलं काम.)

पण ही फंक्शनं युनिक्समध्ये पहिल्यापासून नव्हती बरं का. १९७९ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत डिरेक्टरी म्हणजे एक साधी फाइलच. इतर फाइलींसारखी उघडायची आणि १६-१६ बाइटांचे तुकडे वाचत सुटायचं. पहिले २ बाइट आयनोड क्रमांकाचे, म्हणजे फाइलची खरी माहिती कुठल्या नोंदीत आहे त्याचा आकडा. उरलेले १४ नावाचे. ५१२ बाइटांच्या ब्लॉकमध्ये अशा बरोब्बर ३२ नोंदी बसतात, एक बाइट वाया जात नाही. मेमरी आणि डिस्क दोन्ही महाग असण्याचे ते दिवस, त्यामुळे हिशेब चोख होता.

फाइल काढून टाकली की नुसता आयनोड क्रमांक शून्य व्हायचा, नाव तिथंच राहायचं. सातबारा पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. तिथं पूर्वी जुन्या खातेदाराचं नाव खोडत नसत, त्याला कंस करत. तर असे "कंस केलेले" शून्यवाले ओळखून वगळायचे, ही जबाबदारी प्रत्येक प्रोग्रामची. शिवाय नाव पूर्ण १४ बाइटांचं असेल तर शेवटी शून्य बाइट नाही, म्हणजे सीची नेहमीची स्ट्रिंगची फंक्शनं थेट वापरायची सोय नाही. थोडक्यात, डिस्कवरच्या नोंदीचा आकार प्रत्येक प्रोग्रामच्या पोटात कोरलेला होता.

आता फूटपट्टी काढू. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. परभणी म्हणजे प, र, भ, ण आणि दीर्घ वेलांटी. पाच त्रिक पंधरा. जागा १४! एका बाइटानं हुकलं राव.

जिल्ह्यातले नऊही तालुके मोजले. सेलू आणि पालम प्रत्येकी १२ बाइट, ते बसतात. पाथरी आणि मानवत परभणीसारखेच १५. पूर्णा, जिंतूर, सोनपेठ १८. गंगाखेड २१. नवापैकी दोन पास!

१९७९ मध्ये युटीएफ-८ नव्हतंच, तेव्हा हा खेळ मनातल्या मनातला. पण त्यातला धोका खरा आहे. जुनं युनिक्स लांब नाव आलं तर तक्रार करत नसे, १४ च्या पुढचं गुपचूप सोडून देत असे. जनाबाईंचं गंगाखेड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं गंगापूर घ्या. "गंगा" चे १२ बाइट झाले की उरतात २, आणि ख व प या दोन्ही अक्षरांचे पहिले दोन बाइट सारखेच! म्हणजे दोन्ही गावांचं नाव एकच. गंगापूरची फाइल लिहिली की गंगाखेडची गेली.

सुटका झाली ती १९८३ मध्ये. बर्कलीच्या ४.२ बीएसडीमध्ये मार्शल कर्क मॅकुसिक आणि सहकाऱ्यांनी नवी फाइल सिस्टिम आणली. नाव २५५ पर्यंत लांब आणि नोंद लागेल तेवढ्याच आकाराची. आता १६-१६ चे तुकडे पाडणारे प्रोग्रॅम कोसळणार हे उघड होतं, म्हणून मध्ये ओपनडिर-रीडडिरचा पडदा टाकला. पडद्यामागं नोंद कशीही असो, प्रोग्रामला नाव नीट मिळणार. १९८८ मध्ये पॉझिक्सनं ही फंक्शनं प्रमाण केली. १९९१ चं कोवळं लिनक्ससुद्धा मिनिक्सच्या १४ बाइटवाल्या फाइल सिस्टिमवरच उभं होतं. १९९२ मध्ये तिथंही २५५ आले.

त्याच १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी युटीएफ-८ बेतलं. एक अट अशी होती: लांब अक्षराच्या कुठल्याही बाइटमध्ये शून्य किंवा तिरकी रेघ चुकून दिसता कामा नये, कारण युनिक्सच्या फाइलनावात तेवढे दोनच बाइट निषिद्ध. म्हणून कर्नलला मराठीचा म सुद्धा न शिकवता "परभणी" नावाचा फोल्डर करता येतो.

प्रश्न मिटला का? पूर्ण नाही. २५५ हे लिनक्सवर बाइट आहेत, म्हणजे देवनागरीची फक्त ८५ चिन्हं. विंडोजची एनटीएफएस मात्र मराठीचं एक चिन्ह एकच मोजते, तिथं २५५ मावतात. शासन निर्णयाचा अख्खा विषय फाइलचं नाव म्हणून ठेवायची आपल्याकडे हौस आहेच. शंभर चिन्हांचं असं नाव विंडोजवर सुखानं नांदतं आणि लिनक्सच्या सर्व्हरवर नेलं की "नाव फार लांब" म्हणून अडतं. निदान आता गुपचूप कापत नाही, सांगून अडतं.

म्हणून सोमवारी ऑफिसात कुठं नावासाठी ५० बाइटांची जागा ठेवलेली दिसली, तर त्यात "गंगाखेड तालुका खरेदी विक्री संघ" टाकून बघा. अक्षरं मोजणारा पास करेल, बाइट मोजणारा नापास.