प्राण आणि कला : पृथ्वीच्या फिरण्याचे दीड हजार वर्षांपूर्वीचे माप

१/ पंख्याचा किंवा इंजिनाचा वेग आपण 'मिनिटाला अमुक फेरे' असा सांगतो. त्यासाठी दोन गोष्टी आधी ठराव्या लागतात : फेरा कशात मोजायचा आणि काळ कशात. इ.स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने या दोन्ही मापांत एका अजस्र वस्तूचा वेग नोंदवला. ती वस्तू म्हणजे पृथ्वी.

२/ प्रथम काळ. अहोरात्राच्या ६० नाड्या, नाडीच्या ६० विनाड्या, विनाडीचे ६ प्राण. एकूण २१,६०० प्राण. प्राण म्हणजे एका श्वासोच्छ्वासाचा, दहा गुरू अक्षरे उच्चारण्याचा काळ. आजचे सुमारे ४ सेकंद.

३/ आता फेरा. वर्तुळाच्या १२ राशी, राशीचे ३० अंश, अंशाच्या ६० कला. गुणून पाहा : पुन्हा २१,६००! म्हणून नाक्षत्र अहोरात्रात एक फेरा घेणाऱ्या पृथ्वीचा वेग होतो प्राणाला एक कला. ना अपूर्णांक, ना दशांश.

४/ दीर्घ गणितासाठी त्याने दुसरे माप घेतले : ४३,२०,००० वर्षांच्या युगात पृथ्वीचे १,५८,२२,३७,५०० फेरे. एवढे मोठे युग का? वर्षाला ३६६.२५८६८... असा न संपणारा आकडा वागवण्याऐवजी दोन पूर्ण संख्या हाती राहतात.

५/ या फेऱ्यांतून वर्षांची संख्या वजा केली की सावन दिवस मिळतात : १,५७,७९,१७,५००. त्यावरून पृथ्वीचा एक फेरा २३ तास ५६ मिनिटे ४.१ सेकंदांचा ठरतो. आजचे मापही दशांशापर्यंत हेच. मात्र भारावून जाण्यापूर्वी ध्यानी घ्यावे, की याच आकड्यांतून निघणारे वर्ष सुमारे सव्वातीन मिनिटांनी मोठे आहे. ती चूक एका फेऱ्यात जवळजवळ दिसत नाही.

६/ वाद आकड्याचा नव्हता. फिरते कोण, याचा होता. नावेतून पुढे जाणाऱ्याला काठ मागे सरकताना दिसतो, तसेच स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, असे आर्यभटाचे म्हणणे. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने विचारले : पृथ्वी फिरत असेल, तर उंच वस्तू कोसळत का नाहीत?

७/ पुढे टीकापरंपरेत एक अक्षर बदलले. 'भू' म्हणजे पृथ्वी. 'भ' म्हणजे नक्षत्र. पाठ बदलताच प्राणाला एक कला सरकणारे नक्षत्रमंडळ झाले आणि पृथ्वी थांबली! गंमत अशी, की 'भू' हा मूळ पाठ असल्याची भक्कम साक्ष मिळते ती खंडनासाठी तो उद्धृत करणाऱ्या ब्रह्मगुप्ताकडूनच. विरोधकाच्या प्रामाणिकपणाने मत जपले गेले ते असे.

८/ अक्षर बदलले, तरी संख्या तीच राहिली; कारण पृथ्वी फिरो वा आकाश, दिसणारा वेग एकच. निवाडा मोजणीतून नव्हे, प्रयोगातून व्हायचा होता. १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये फूकोने ६७ मीटर लांब तारेला लोलक टांगला. त्याच्या झोक्याची दिशा तासाला सुमारे ११ अंशांनी वळत गेली आणि पायाखालची जमीन फिरत असल्याचे लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

एकक वेग सांगते. तो वेग कोणाचा, हे मात्र वेगळे सिद्ध करावे लागते. (८/८)