लोखंडाच्या एका रेषेसाठी

बीएस्सीच्या वर्गात मोस्लीचा नियम शिकवताना मी हटकून लोखंडाचंच गणित घालत असे. अणुक्रमांक २६, त्यातून एक वजा करून वर्ग केला की ६२५, त्याला १०.२ ने गुणलं की ६३७५ इलेक्ट्रॉनव्होल्ट. म्हणजे जवळजवळ ६.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. हेन्री मोस्लीने १९१३ मध्ये प्रयोगशाळेत मोजलेली लोखंडाची ही क्ष-किरण रेषा पुढे सक्रिय दीर्घिकांच्या गाभ्यांतही सापडली. तिथे कृष्णविवराभोवतीच्या वायूवर क्ष-किरण आदळतात, लोहाच्या अणूतला अगदी आतला इलेक्ट्रॉन उडतो आणि त्याची जागा वरचा घेतो. लोह मुबलक असतं, शिवाय अशी जागा भरताना हलक्या मूलद्रव्यांपेक्षा ते कितीतरी जास्त वेळा क्ष-किरण सोडतं. म्हणून त्या गर्दीत त्याचीच रेषा ठळक दिसते.

अँड्र्यू फेबियन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये गणिताने दाखवलं, की कृष्णविवराला खेटून फिरणाऱ्या तबकडीतून ही रेषा आली तर ती सरळ राहणार नाही. प्रचंड वेग तिला फाकवेल आणि गुरुत्वाकर्षण कमी ऊर्जेकडे ओढेल. जपानच्या 'गिंगा' उपग्रहाला सेफर्ट प्रकारच्या अनेक सक्रिय दीर्घिकांमध्ये रेषा दिसली, पण तिचा आकार पाहण्याइतकी त्याची नजर तीक्ष्ण नव्हती. ते काम 'आस्का'ने केलं. फेब्रुवारी १९९३ मध्ये उचिनौराहून उडालेल्या या उपग्रहावर क्ष-किरण खगोलशास्त्रात प्रथमच सीसीडी वापरले होते. १९९४ च्या जुलैत त्याने एमसीजी-६-३०-१५ या दीर्घिकेकडे चारेक दिवस रोखून पाहिलं. यासुओ तनाका आणि सहकाऱ्यांचा निबंध १९९५ मध्ये 'नेचर'मध्ये आला: रेषा सेकंदाला सुमारे एक लाख किलोमीटर वेग सांगण्याइतकी रुंद, आणि तिचा बहुतेक भाग ६.४ च्या खाली घसरलेला. माझ्या मते तो आलेख कृष्णविवराच्या कोणत्याही छायाचित्राच्या तोडीचा आहे.

शंकाही आल्या. वाटेतल्या ढगांनी प्रकाश शोषला तरी असाच आकार दिसू शकतो, असं काहींचं म्हणणं. निवाड्यासाठी हवा होता सूक्ष्म-उष्णतामापक: निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड ठेवलेला, एकेका क्ष-किरण कणाने होणारी तापमानवाढ मोजणारा. तो अवकाशात टिकवण्यासाठी जपानी आणि अमेरिकी मंडळींनी जे सोसलं, ते वाचताना मला आजही गलबलून येतं. २००० मध्ये 'ॲस्ट्रो-ई' प्रक्षेपणातच गेला. २००५ मध्ये 'सुझाकू' कक्षेत पोहोचला, पण महिनाभरात उष्णतामापकाचं द्रवरूप हेलियम उडून गेलं. २०१६ मध्ये 'हितोमी'ने पर्सियस दीर्घिकासमूहाचा अप्रतिम वर्णपट दिला, आणि उड्डाणानंतर सहा आठवड्यांच्या आत तो भरकटून गरगरत तुटला.

चौथा, 'क्रिझम', सप्टेंबर २०२३ मध्ये तानेगाशिमाहून गेला. त्याच्या उपकरणापुढचं झाकण उघडलंच नाही. त्यामुळे कमी ऊर्जेचे किरण अडतात, पण झाकणाची खिडकी बेरिलियमची असल्याने लोहाचे आत येतात. सुमारे ५ इलेक्ट्रॉनव्होल्टचा फरक आता ओळखता येतो. 'आस्का'ला शंभराहून अधिक लागत. एनजीसी ४१५१ या दीर्घिकेची अरुंद रेषा आजवर मुख्यतः दूरच्या थंड वायूची मानली जाई. 'क्रिझम'ने तीही उलगडली: तिचे वेगवेगळ्या रुंदीचे भाग कृष्णविवरापासून निरनिराळ्या अंतरांवरून येतात. एमसीजी-६-३०-१५ च्या रुंद रेषेकडेही आता याच नजरेने पाहिलं जातं आहे.