जुना वाडा घ्यावा कीं घेऊं नये?

पुण्याच्या जुन्या पेठांतून आजहि अधूनमधून एखादा वाडा, किंवा वाटणींत आलेला वाड्याचा एखादा हिस्सा, विक्रीस निघतो. चौक, ओसरी, माडी आणि मागें थोडें परसूं, असें वर्णन कानावर आलें कीं मध्यम मिळकतीच्या गृहस्थाला मोह पडतो. मोह वाईट आहे असें मी म्हणत नाहीं. परंतु अशा घराची डागडुजी गेल्या दीडदोनशें वर्षांत जेव्हां जेव्हां राहून गेली, तिचा सारा थकलेला हिशेब खरेदीखतावर सही करणाऱ्याच्या अंगावर येतो. तो हिशेब कसा सांचत गेला, हें समजल्यावांचून किंमत बोलूं नये.

प्रथम वाड्याची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. पेशवाईंतील वाडा मुख्यतः लांकडाच्या सांगाड्यावर उभा असे. दगडी जोतें, जोत्यावर तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, आणि तुळयांवर कडीपाट. दोन खांबांमधील अंतर तो खण, आणि घर केवढें हें खणांनींच सांगत. भिंती बहुधा विटामातीच्या. छपराचा व माडीचा भार बराचसा सांगाडाच पेलीत असे. शनिवारवाड्याचें काम १७३० सालीं सुरू होऊन १७३२ त वास्तुशांत झाली, आणि खर्च १६,११० रुपये आला, असें सांगतात. हा आंकडा पुष्कळांना तोंडपाठ असतो; पुढें तेथें जें बांधकाम वाढत गेलें त्याचा आंकडा मात्र कोणी सांगत नाहीं. घराचा पहिला खर्च लक्षांत ठेवावा आणि पुढचा विसरावा, ही आपली खोड जुनीच दिसते. १८२८ च्या आगींत त्या वाड्यांतील लांकडी इमारती जळाल्या. तट आणि दगडी जोतीं तेवढीं राहिलीं. लांकूड गेलें म्हणजे वाडा गेला, याचें याहून मोठें उदाहरण पुण्यांत नाहीं.

म्हणून वाडा पाहावयास जातांना अनुभवी सुतार बरोबर न्यावा. नक्षीदार महिरपींपुढें उभे राहून वेळ दवडूं नये. तुळईचें टोंक भिंतींत जेथें शिरतें तेथें, आणि खांब तळखड्यावर जेथें टेकतो तेथें पाहावें. ओल तेथें कोंडते आणि वाळवीहि बहुधा तेथूनच शिरते. टोचा मारला असतां लांकूड टणक लागलें तर ठीक. भुसभुशीत लागलें, तर ती तुळई बदलावी लागेल, आणि बदलून होईपर्यंत वरचा मजला टेकूंवर धरावा लागेल. सागवानाची किंमत सगळे विचारतात. टेकूंचा खर्च अंदाजपत्रकांत सहसा दिसत नाहीं.

१८१८ त पेशवाई बुडाली, आणि सरदार-मुत्सद्दी मंडळींच्या उत्पन्नाबरोबर मोठे वाडे सांभाळण्याची ऐपतहि ओसरली. जेथें एक कुटुंब नांदत होतें तेथें हळूहळू अनेक बिऱ्हाडें आलीं. पुढें मुंबई सरकारच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं साधारणतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकलीं. युद्धानंतरच्या टंचाईंत त्या कायद्यानें भाडेकरूंना आसरा दिला, हें नाकारणें अन्यायाचें होईल. पण भाडें जागच्या जागीं राहिलें आणि गवंड्याची मजुरी, चुना, कौलें यांचे भाव चढत गेले. मालक म्हणे, या भाड्यांत दुरुस्ती परवडत नाहीं. भाडेकरू म्हणे, घर माझें नाहीं. आणि छप्पर दोघांच्याहि डोक्यावर गळत राहिलें. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलांत आला. त्यानें वर्षाला शेंकडा चार वाढीची मुभा दिली खरी. पण मूळ भाडेंच अल्प असेल तर शेंकडा चारांनीं एक कौलहि येत नाहीं. घर विकल्यानें भाडेकरूचा हक्क संपत नाहीं. तेव्हां "वाडा रिकामा आहे" असें दलालानें सांगितलें तरी माडीवरील बंद खोलीचें कुलूप कोणाचें, हें विचारल्याशिवाय खालीं उतरूं नये.

तीच गोष्ट वारसांची. १९५६ च्या वारसा कायद्यानें विधवा व मुली यांचे हक्क वाढविले. २००५ च्या दुरुस्तीनें मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलाबरोबरीचा हिस्सा मिळाला. एक भाऊ नागपुरास, बहीण परदेशीं, एक पुतण्या रागावलेला, अशा घरीं एकाच्या तोंडी होकारावर विसार देणें धोक्याचें आहे. मिळकतपत्रिका आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरींतील निदान तीस वर्षांचा शोध, यांसाठीं वकिलाला दिलेले पैसे वायां जात नाहींत.

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, खडकवासल्याचेंहि फुटलें, आणि नदीकांठच्या पेठांतील मातीच्या भिंती पाण्यांत विरघळल्या. जुन्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढविण्याची रीत पुढें सर्वत्रच फोफावली. वरून भिंत गुळगुळीत दिसते; आंत मात्र मातीनें शोषलेली ओल बाहेर पडूं शकत नाहीं आणि शेजारचें लांकूड कुजवीत बसते. अशा ठिकाणीं तो गिलावा काढून चुन्याचा करणें हाच उपाय. चुन्याचें काम जाणणारा गवंडी सहज सांपडत नाहीं, आणि तो घाईहि करीत नाहीं.

आतां पैशांचें. समजा, गृहस्थापाशीं कर्जासकट शंभर रुपये आहेत. खरेदी, मुद्रांक आणि नोंदणी मिळून साठांच्या वर जाऊं नये. पंचवीस ठाऊक असलेल्या दुरुस्तीस ठेवावे, आणि पंधरा, भिंत उघडल्यावर जें दिसेल त्यासाठीं. हें प्रमाण कोणत्या शास्त्रांतलें नव्हे, माझें आपलें अनुमान आहे. साठांत सौदा बसत नसेल आणि विकणारा हटत नसेल, तर नमस्कार करून परत यावें. पंधरा रुपयांना हात लावून स्वयंपाकघरांत चकचकीत फरशी घालणारे लोक मला भेटले आहेत. त्यांच्या फरशीवर पहिल्याच पावसाळ्यांत बादल्या मांडलेल्या होत्या.

सौदा झालाच, तर प्रथम छप्पर, मग पन्हळी आणि जोत्याभोंवतींच्या पाण्याचा निचरा, त्यानंतर लांकूड, आणि रंग व फरशी सर्वांच्या शेवटीं. दिवाळीनंतर काम धरलें तर वासे बदलण्यास कोरडे महिने मिळतात. शाकारणी मात्र अक्षय्य तृतीयेच्या पुढें ढकलूं नये; वळवाची एक सर आली कीं गांवांतले सगळे कौलारू एकदमच गुंतून जातात.