खर्च मिळेल, पण कधी?

समजा, शेताच्या बांधावरून तुमचा दिवाणी दावा चालू आहे. रोजगार बुडवून, साक्षीदाराला सोबत घेऊन तुम्ही एसटीने तालुक्याच्या कोर्टात पोचलात. आणि समोरच्या वकिलांनी तहकुबीचा अर्ज दिला. न्यायाधीशांनी तो मंजूर केला, पण तुम्हाला खर्च द्यायला सांगून. आता हा खर्च हातात कधी पडणार? पुढच्या तारखेला, की निकाल लागल्यावर?

माझ्या पीएचडीतला बराच वेळ सध्या या 'कधी'पाशी जातोय. खर्च किती, यावर पुष्कळ बोललं जातं. पण इतिहास बघितला तर खरी गंमत 'कधी'मध्ये आहे.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ३५ आलं. खर्च कोणी आणि किती द्यायचा, हे कोर्ट ठरवणार. सर्वसाधारणपणे हरलेल्याने द्यायचा. तसं करायचं नसेल तर कोर्टाने कारण लिहायचं. म्हणजे मुख्य हिशोब शेवटी, हुकूमनाम्यात. १९२२ मध्ये कलम ३५अ आलं. खोटा, त्रास देण्यासाठी केलेला दावा किंवा बचाव असेल तर भरपाई म्हणून जास्तीचा खर्च, पण १,००० रुपयांपर्यंतच.

हे तर्काला धरून वाटतं ना? कोण बरोबर हे निकालाशिवाय कळणार कसं? पण इथेच एक गफलत आहे. तुमचा वाया गेलेला दिवस निकालावर अवलंबून नसतो. उद्या तुम्ही दावा हरलात, तरी त्या दिवशी तुम्ही हजर होता आणि दुसरा तयार नव्हता, हे खरंच राहतं.

तहकुबीचा खर्च द्यायला लावण्याचा अधिकार कोर्टाला आधीही होता. 'खर्च भरला तरच पुढे' अशी अट काही न्यायाधीश घालतही. पण तो त्या त्या हुकुमाचा भाग झाला.

१९७६ च्या दुरुस्तीने कलम ३५ब आणलं. ते १ फेब्रुवारी १९७७ पासून लागू झालं. उशीर करणाऱ्याला कोर्टाने खर्च लावला, तर तो पुढच्याच तारखेला द्यायचा. नाही दिला, तर वादीला दावा आणि प्रतिवादीला बचाव पुढे चालवता येत नाही. दिलेला खर्च शेवटच्या हुकूमनाम्यात धरला जात नाही, म्हणजे तुम्ही हरलात तरी तो तुमचाच. न दिलेल्या खर्चाचा वेगळा हुकूम निघतो आणि त्यावर वसुलीची दरखास्त करता येते.

मग खर्च थकला की दावाच फेटाळायचा का? सुप्रीम कोर्टाने मनोहर सिंग विरुद्ध डी. एस. शर्मा या खटल्यात सांगितलं, तसं नाही. थकवणाऱ्याचा पुढचा सहभाग थांबतो. दावा त्या कारणाने फेटाळायचा नसतो.

इंग्लंडमध्ये हे वळण उशिरा आलं. तिथे मधल्या अर्जांचा खर्च सहसा दावा संपल्यावरच ठरे. लॉर्ड वुल्फ यांच्या शिफारशींनंतर २६ एप्रिल १९९९ पासून नवे नियम आले. छोट्या सुनावणीचा खर्च सहसा तिथल्या तिथे ठरू लागला आणि १४ दिवसांत द्यावा लागू लागला. उद्देश हाच, की भांडण्याची किंमत भांडतानाच कळावी.

अर्थात रक्कमच किरकोळ असेल, तर ती वेळेवर मिळूनही धाक बसत नाही. पण उशिरा मिळणारी मोठी रक्कम मधल्या वर्षांत कोणाला अडवत नाही, हेही तितकंच खरं.

घरात जुन्या दाव्याचे कागद असतील, तर रोजनाम्याची नक्कल काढून वाचा. खर्च लावल्याची नोंद सापडली, की पुढच्या तारखेची नोंदही बघा. तो दिला गेला का, हे तिथे कळेल.