सहा सामने, सहा विजय: खो-खोचा पहिला विश्वचषक आणि पिंपरी-चिंचवडची कर्णधार

अजिंक्य संघांच्या गोष्टी आपण नेहमी बाहेरच्या ऐकतो. आर्सेनलचा २००३-०४ चा हंगाम घ्या. लीगचे ३८ सामने झाले आणि एकही हार नाही. फुटबॉलचे चाहते अजून त्यावर तासन्‌तास बोलतात. आज मात्र मी तुम्हाला आपल्या घराजवळच्या एका अजिंक्य संघाबद्दल सांगणार आहे. खेळ आहे खो-खो, आणि कर्णधार प्रियंका इंगळे. मूळची बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली, पण खेळाडू म्हणून घडली ती पिंपरी-चिंचवड परिसरात.

आधी थोडं मागे जाऊ. खो-खो जुना आहेच, पण त्याला लिखित नियम मिळाले ते पुण्यात. १९१४ साली डेक्कन जिमखान्याने समिती नेमून नियम बसवले. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा त्यानंतर वर्षभराने, कोल्हापुरात. म्हणजे बायकांच्या खो-खोलासुद्धा साठ वर्षांहून जास्त इतिहास आहे, फक्त तो कोणी फारसा सांगत नाही.

आता याच काळात पिंपरीकडे काय चाललं होतं बघा. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. मग एमआयडीसी, टेल्को, बजाज. पुढे कारखाने चाकणपर्यंत पसरले. मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूरकडून माणसं कामाला आली आणि इथलीच झाली. अशा वस्त्यांमधल्या शाळांना महागडे खेळ कुठून परवडणार? खो-खोला काय लागतं? दोन खांब, आखायला चुना आणि जीव तोडून पळणारी पोरं. कारखान्यांच्या या पट्ट्यात हा खेळ टिकला, त्याचं एक कारण मला तरी हेच वाटतं.

तर, १३ ते १९ जानेवारी २०२५. दिल्लीचं इंदिरा गांधी स्टेडियम, खो-खोचा पहिला विश्वचषक. मातीऐवजी मॅट, नऊऐवजी सात जणींचा संघ, सात-सात मिनिटांच्या चार पाळ्या, आणि कोणत्याही दिशेला पळायची मुभा असलेला 'वजीर'. संरक्षण करणारी तुकडी ठरावीक वेळेपेक्षा जास्त टिकली तर तिलाही गुण. याला 'ड्रीम रन' म्हणतात.

भारतीय मुलींचे निकाल सांगतो. दक्षिण कोरियाविरुद्ध १७५-१८. इराणविरुद्ध १००-१६. मलेशियाविरुद्ध १००-२०. उपांत्यपूर्व फेरीत बांगलादेशविरुद्ध १०९-१६. उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ६६-१६. आणि अंतिम सामन्यात नेपाळविरुद्ध ७८-४०. बेरीज करा: आपले ६२८, समोरच्यांचे सगळे मिळून १२६. पुण्याच्याच प्रतीक वाईकरच्या नेतृत्वाखाली पुरुष संघानेही एकही सामना न हरता चषक घेतला.

इथे तुम्ही म्हणाल, अहो, समोरचे संघ नवखे होते, मग यात कसलं कौतुक? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. १७५-१८ हा काही अटीतटीचा सामना नव्हे. काही देशांत हा खेळ आत्ताच रुजतोय. पण अंतिम सामना नीट बघा. पहिल्या पाच संघांपैकी एकालाही २० च्या पुढे जाता आलं नव्हतं. नेपाळने ४० घेतले. पहिल्या पाळीनंतर आपण ३४-० असे पुढे होतो, पण मध्यंतराला तो फरक ३५-२४ वर आला. म्हणजे अकरा गुण. खो-खोत अकरा गुण म्हणजे काहीच नाही हो, दोन तुकड्या लवकर बाद झाल्या की संपलं. तिसऱ्या पाळीत आपल्या मुलींनी आक्रमण करून ७३-२४ केलं, आणि चौथ्या पाळीत चैत्रा बी. हिच्या तुकडीने पाच मिनिटांहून जास्त वेळ संरक्षण करत सामना बंद करून टाकला. या संघाची खरी परीक्षा झाली ती या दोन पाळ्यांत.

आता गोष्टीचा पुढचा भाग, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. महाराष्ट्र सरकारने आपल्या विजेत्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये जाहीर केले. कर्नाटकने आपल्या दोघांना, म्हणजे चैत्रा आणि पुरुष संघातल्या गौतमला, पाच लाख देऊ केले. दोघांनी ते नाकारले आणि महाराष्ट्राकडे बोट दाखवलं. विचार करा, ज्या मुलीने अंतिम सामन्यात शेवटची पाळी सांभाळली, तिच्या कष्टाची किंमत राज्याची सीमा ओलांडली की पंचेचाळीस पट कमी! संघ तोच, चषकही तोच.

आपल्याकडे बक्षीस मोठं मिळालं याचा आनंद आहेच. पण बक्षीस जिंकल्यावर मिळतं. पाचवीतल्या मुलीला लागतं ते वेगळंच: शाळेत टिकून राहणारा क्रीडाशिक्षक, संध्याकाळी मोकळं मैदान, आणि "आता पुरे झालं खेळणं" असं न म्हणणारं घर. आपल्या पट्ट्यात जमिनीचे भाव काय आहेत ते तुम्हाला माहीत आहे. मोकळी जागा दिसली की आधी पार्किंगचा विचार होतो. १९१४ मध्ये नियम लिहिणाऱ्यांना निदान मैदानाची चिंता नव्हती.

तेव्हा मंडळी, तुमच्या भागात एखाद्या शाळेमागे अजून दोन खांब रोवलेले दिसले, तर एक संध्याकाळ तिथे उभे राहून बघा. आणि ते खांब काढायची भाषा कोणी केली, तर गप्प बसू नका. भेटू पुढच्या भागात.