रायगडच्या मातीतलं तांबं

मुरूड-श्रीवर्धनच्या कातळावर पायाला लागते ती तांबडी माती सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाची आहे. दख्खनच्या त्या काळ्या दगडात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, तांबं, निकेल, क्रोमियम मुळातच भरपूर. कोकणच्या धो-धो पावसाने त्यातली सिलिका, चुना, मॅग्नेशियम धुऊन नेलं. मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरलं, त्याचा जांभा झाला. घरांच्या भिंतींना चिरे मिळाले ते याच जांभ्यातून, आणि ॲल्युमिनियम फार साठलं तिथे बॉक्साइट सापडलं. पुष्कळसे जड धातूही लोहाच्या कणांना धरून तिथेच राहिले.

हे प्रदूषण नव्हे. पण प्रयोगशाळेच्या अहवालात ते प्रदूषण दिसू शकतं.

या घोळाची मुळं १९६१ सालच्या एका तक्त्यात आहेत. टुरेकियन आणि वेडेपोल या भूरसायनशास्त्रज्ञांनी निरनिराळ्या खडकांतल्या मूलद्रव्यांची सरासरी मांडली. १९६९मध्ये जर्मनीच्या म्युलरने ऱ्हाइन नदीच्या गाळासाठी प्रदूषणाचा निर्देशांक सुचवला. मोजलेल्या धातूला मूळ पातळीच्या दीडपटीने भागायचं आणि त्याचा २च्या पायावर लॉग काढायचा. दीडपट कशासाठी, तर दगडादगडातला नैसर्गिक फरक पोटात घ्यायला. पुढे जगभर बहुतेकांनी मूळ पातळी म्हणून त्या तक्त्यातला शेल या चिखलापासून बनलेल्या खडकाचा रकाना उचलला.

समजा, रायगडच्या एका नमुन्यात किलोमागे १३५ मिलिग्रॅम तांबं निघालं. शेलचा आकडा ४५ धरला तर निर्देशांक १ येतो आणि माती मध्यम प्रदूषणाच्या उंबरठ्यावर उभी राहते. त्याच तक्त्यात बेसॉल्टचाही रकाना आहे, तिथे तांबं ८७. तो घेतला की निर्देशांक शून्याला टेकतो. माती तीच, तांबंही तेवढंच.

पण म्हणून सगळं निसर्गावर ढकलून मोकळं होता येत नाही. धाटावच्या कारखान्यांच्या पट्ट्यातून कुंडलिका येते, महाडच्या पट्ट्यातून सावित्री. दोन्ही आपापल्या खाडीला मिळतात. पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून, उघाड्या (पाणी सोडायची दारं) राखून समुद्राकडून मिळवलेल्या खारेपाटात भातखाचरं महिनोन्‌महिने पाण्याखाली असतात. मातीतला प्राणवायू संपला की लोह विरघळतं आणि त्याला धरून बसलेले धातू सुटू शकतात. शिवाय बेसॉल्टमध्ये पारा आणि कॅडमियम अगदी नगण्य. हाकान्सनने १९८०मध्ये पर्यावरणीय धोक्याचा निर्देशांक मांडला तेव्हा विषारीपणासाठी पाऱ्याला ४०, कॅडमियमला ३० असं वजन दिलं. तांब्याला ५, क्रोमियमला २. त्यामुळे खाचरात तांबं जास्त दिसलं तर आधी खालचा दगड तपासावा, पण कॅडमियम वाढलेलं दिसलं तर नदीच्या वरच्या अंगाला जायला हवं.

आपल्या गावच्या मातीचा अहवाल हाती आला, तर ग्रामपंचायतीने दोन प्रश्न जरूर विचारावेत: मूळ पातळी कोणत्या दगडाची धरली? आणि एकूण धातूपैकी भाताच्या मुळांना मिळेल असा किती?