केशवसुतांचें बंड
अकालीं गेलेल्या कवीभोवतीं आख्यायिका चटकन जमते; केशवसुतांस तिची गरज पडली नाहीं. कृष्णाजी केशव दामले हे शाळामास्तर. मुंबई, खानदेश, धारवाड अशी त्यांची वणवण पोटासाठींच झाली. सभा गाजविणें या लाजाळू माणसास जमण्यासारखें नव्हतें. बंड झालें तें कवितेंत. १८८८ सालीं त्यांनीं अंत्यजाच्या मुलाला पडलेला पहिला प्रश्न कवितेचा विषय केला. पुढें चौदा ओळींचें सुनीत मराठींत आणलें. १८९३ सालीं ‘तुतारी’ लिहिली. नोकरींत पिचलेल्या वाचकास हें बंड आपलें वाटतें, तें कवीहि त्याच्यासारखाच पिचलेला होता म्हणून. १९०५ च्या नोव्हेंबरांत हुबळीस ३९ व्या वर्षीं प्लेगनें त्यांना नेलें. पाठोपाठ पत्नीहि गेली. कवितासंग्रह हरिभाऊ आपट्यांनीं मागाहून काढला. तोंवर गोविंदाग्रज स्वतःस अभिमानानें त्यांचा चेला म्हणवूं लागले होते.